घाटातून आणलेला संघ

अखिल भारतीय आंतरमहाविद्यालयीन महिला बास्केटबॉल स्पर्धा त्या जानेवारीत महाडला झाली, यात महाडचा काही दोष नव्हता. ज्या मोठ्या शहरात ती व्हायची होती तिथला हॉल ऐनवेळी दुरुस्तीला निघाला, आणि महाडच्या कॉलेजात नुकताच नवा बंदिस्त हॉल बांधून झाला होता. आमचा हॉल रिकामा आहे, असं प्राचार्यांनी सौजन्यानं कळवलं. असं कळवलं की समोरचा आभार मानतो आणि विषय संपतो, असा त्यांचा आजवरचा अनुभव. या खेपेला देशभरातून अकरा संघ येऊन उतरले.

बारावा संघ यजमानांचा. यजमानांना थेट मुख्य फेरीत जागा असते, म्हणजे संघ असणं भाग आलं. क्रीडाशिक्षक ऋत्विक सरांनी महिन्याभरात आठ मुली जमवल्या. त्यांतल्या चौघी कबड्डीच्या होत्या आणि शेवटपर्यंत कबड्डीच्याच राहिल्या. कुडपणची सेजल उंच म्हणून आली. माहरुखला कर्णधार केलं, कारण नियमांचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत तिनं एकटीनंच वाचलं होतं.

माहरुख शाळेपासून बास्केटबॉल खेळत होती. म्हणजे शाळेच्या मागल्या भिंतीवर एक लोखंडी कडं होतं, त्यात ती एकटीच चेंडू टाकायची. दहातले सात-आठ हमखास पडायचे. समोर पाच जणी उभ्या राहिल्या तर काय करायचं, हे त्या भिंतीनं शिकवलं नव्हतं.

पहिला सामना चेन्नईच्या कॉलेजाशी झाला. त्या मुली फार सभ्य होत्या. हातातला चेंडू काढून घेताना ‘सॉरी’ म्हणायच्या. माहरुखला त्या दिवशी पुष्कळ वेळा सॉरी ऐकावं लागलं. महाड नऊ विरुद्ध एकशे दोन असं हरलं. नवांपैकी सात गुण सेजलचे. उरलेले दोन चेन्नईच्याच एका मुलीच्या हातून, चेंडू थोपवताना चुकून स्वतःच्या बास्केटमध्ये पडले. असे गुण विरुद्ध संघाच्या कर्णधाराच्या नावावर मांडायचे, असा नियम आहे. माहरुखला तो पाठ होता. तो आपल्यालाच लागू होईल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी तिचे वडील उबेद चहा घेत बसले होते. कुवेतहून कायमचे परत आल्यावर त्यांनी एक टेम्पो घेतला होता आणि पोल्ट्रीतल्या कोंबड्या ते महाड-पोलादपूरच्या दुकानांना पोचवत.

“तुझे दोन हायत असं ऐकलं,” ते म्हणाले.

“ते माझे नायत, अब्बा.”

“कागदावर कुणाचे हायत?”

“माझे.”

“मग झालं की,” असं म्हणून उबेदनी आणखी एक बिस्किट घेतलं. माहरुखला मात्र जेवण गेलं नाही.

दुसरा सामना झारखंडच्या एका कॉलेजाशी होता. गटात तीनच संघ, त्यांतले दोन पुढे जाणार. चेन्नईनं दोघांनाही हरवलं होतं, त्यामुळे हा सामना जिंकेल तो उपांत्यपूर्व फेरीत. जिंकण्याचा विचार महाडमध्ये कुणी केला नव्हता. सामन्याच्या दिवशी सकाळी ऋत्विक सरांना आयोजकांचा फोन आला तेव्हा तो पहिल्यांदा करावा लागला.

झारखंडच्या मुली पहाटेच स्ट्रॉबेरी खायला महाबळेश्वरला गेल्या होत्या. परत येताना आंबेनळी घाटात त्यांच्या पुढे एक कंटेनर वळणावर आडवा अडकला होता. क्रेन साताऱ्याहून निघाली होती, असं क्रेनवाल्याचं म्हणणं होतं.

सरांनी मुलींना गोळा केलं. चेहरा शक्य तेवढा दुःखी ठेवून ते म्हणाले, “वेळेवर गणवेशात उभं राहायचं. ठरलेल्या वेळेनंतर पंच पंधरा मिनिटं थांबतात. नंतर वीस-शून्य. आपण राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठात!”

कबड्डीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. सेजल टाळी न वाजवता बुटाची नाडी बांधत बसली.

“पहिल्या आठचं सर्टिफिकेट भरतीला चालल ना, सर?” तिनं विचारलं. तिला पोलिसात जायचं होतं.

“नुसता भाग घेतल्यापेक्षा बरंच चालेल.”

माहरुख पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेली. हॉलच्या मागं उभं राहून तिनं वडलांना फोन लावला. ते पोलादपुरात कोंबड्या उतरवत होते. मागचा कलकलाट फोनमध्ये येत होता.

“अब्बा, घाटात पोरी अडकल्यात.”

“कुणाच्या?”

“आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या.”

“मग अडकू दे की गो.”

“त्या चालत कंटेनरच्या अलीकडं येतील. तुम्ही टेम्पो वर न्या आणि त्यांना घेऊन या. वेळेत येतील.”

“आल्या तर तुम्ही हरणार ना?”

“हरणार.”

“मग कशाला आणू?”

खिलाडूवृत्ती वगैरे म्हणावं असं मनात आलं, पण वडलांशी असं कोण बोलतं! ती म्हणाली, “अब्बा, इतक्या वर्सांत माझा एक पण गुण नाय. ते दोन नियमानं आले. आता वीस पण नियमानंच येतील.”

पलीकडे उबेदनी कोंबड्यांवर ओरडून त्यांना गप्प केलं.

“पिंजरे उतरवतो आणि निघतो,” उबेद म्हणाले.

आयोजकांकडून झारखंडच्या मॅनेजरबाईंचा नंबर काढून तिनं त्यांनाही कळवलं. मग आत जाऊन ती सेजलच्या शेजारी बसली आणि आपल्याही नाड्या बांधू लागली. सेजलला सांगायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं.

ठरलेली वेळ झाली. महाडच्या मुली रांगेत उभ्या राहिल्या. समोर कुणी नव्हतं. पंचांनी घड्याळ सुरू केलं, आणि ऋत्विक सरांनी बॅनरवाल्याला फोन करून ‘हार्दिक अभिनंदन’चा मजकूर पक्का केला. पंधरातली दोन-तीन मिनिटं उरली असताना बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. झारखंडच्या मुली केसांतली पिसं झटकत आत आल्या, आणि त्यांच्याबरोबर वासही आला. त्यांची कर्णधार एतवारी बुटकी आणि चपळ होती. ती थेट माहरुखकडे आली.

“टेम्पोवाले अंकल तुम्हारे पापा हैं?”

“हां.”

“बोले, बेटीने भेजा है.” तिनं माहरुखचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

सेजल शेजारीच उभी होती. तिनं एतवारीकडे पाहिलं, मग माहरुखकडे. “तू बोलवलंस?”

“हो.”

“मला इचारलं पण नायस.”

पंचांची शिट्टी झाली.

झारखंडच्या मुली ‘सॉरी’ म्हणत नव्हत्या. उपकार वगैरे त्यांनी टेम्पोतच ठेवले होते. मध्यंतरालाच तीस गुणांचं अंतर पडलं. सेजल मात्र त्या दिवशी अशी खेळली, की आपल्याला खेळाडू मिळाली आहे हे सरांना स्पर्धा संपता संपता समजलं. ती माहरुखकडे चेंडू देत नव्हती. स्वतःच घुसायची, धडकायची, पडायची, उठायची. माहरुख मोकळी उभी असताना तिनं तीनदा चेंडू दुसरीकडे फेकला, आणि माहरुखनं एकदाही तक्रार केली नाही.

शेवटच्या सत्रात एक सुटा चेंडू माहरुखच्या हाती लागला. ती बास्केटकडे धावली आणि एतवारीनं तिला मागून आडवं केलं. दोन फ्री थ्रो मिळाले. रेषेवर उभं राहिल्यावर समोर कुणीच नव्हतं. पहिल्यांदाच सगळं त्या शाळेच्या भिंतीसारखं होतं. पहिला चेंडू कड्याला लागून बाहेर आला. दुसरा आत गेला.

गॅलरीत उबेद उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिल्याला पण त्यांनी वाजवल्या होत्या.

सामना एकोणऐंशी विरुद्ध चौदा असा संपला. झारखंड पुढं उपांत्य फेरीपर्यंत गेलं. बॅनर आधीच छापून झाला होता, म्हणून प्राचार्यांनी त्यावर ‘सहभागाबद्दल’ अशी पट्टी चिकटवून घेतली. टेम्पो कुणाचा होता हे साऱ्या महाडला माहीत झालं होतं. बाजारात उबेदना लोक विचारायचे, की पुढल्या वर्षी कुठला संघ आणणार. ते म्हणायचे, “पोरीला इचारून सांगतो.”

सेजल कॉलेजात यायची आणि माहरुख दिसली की रस्ता बदलायची. महाडच्या कॉलेजात बदलण्यासारखे रस्ते फारसे नाहीत, त्यामुळे तिला बराच वळसा पडे.

असे दोन आठवडे गेल्यावर एका रविवारी माहरुख वडलांच्या टेम्पोतून कुडपणला गेली. उबेद खाली रस्त्यावरच थांबले. सेजल आणि तिची आई तुळसा घराशेजारी गवताचे भारे रचत होत्या. तुळसानं पाहुणीला पाणी दिलं आणि मुलीचं तोंड बघून ती घरात निघून गेली.

“माझं चुकलं,” माहरुख म्हणाली. “आणायचं चुकलं असं नाय मी म्हणत. तुला सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतंस तर मी फोन हिसकावून घेतला असता.”

“म्हणून नाय सांगितलं.”

सेजल भारा उचलता उचलता थांबली. “तुला एक गुण मिळाला. माझी पहिल्या आठातली जागा गेली. हिशोब बरोबर हाय का, सांग.”

“नाय,” माहरुख म्हणाली.

सेजलला बहुधा भांडण हवं होतं. ते मिळेना तेव्हा तिनं भाऱ्याचं एक टोक माहरुखच्या हातात दिलं. बराच वेळ दोघी गवत रचत राहिल्या. माहरुखच्या हातांना काचलं, पण तिनं भारा सोडला नाही.

“पुढल्या वर्षी यजमान कोण?” सेजलनं शेवटी विचारलं.

“माहीत नाय. आपण नाय.”

“मग जायचं तर जिल्हा जिंकायला लागल.”

“आधी जिल्हा. मग विद्यापीठ.”

“आपल्याकडं कबड्डीच्या चार हायत,” सेजल म्हणाली.

“हो.”

“त्यांना चेंडू धरायला शिकवायचं. माणूस नाय.”

“सोमवारपासून?”

“सोमवारी मला गवत हाय. मंगळवारी येते.”

तुळसानं आतून हाक मारली, की भाकरी झाल्यात, आणि खाली टेम्पोत कोण बसलंय त्यालाही वर बोलवा.