यंत्राचा विटाळ

सिडकोतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबच्या बोळकांडीत पन्नासेक माणसं खेटून उभी होती. रक्त द्यायला आलेले लोक रक्त विसरून एका काळ्या डब्याकडं बघत होते. डबा म्हणजे लॅबचा सर्व्हर. सगळे रिपोर्ट त्याच्या हार्ड डिस्कमध्ये, म्हणजे आत गरगरणाऱ्या चकतीवर. डब्याला कुंकू, डब्यावर लिंबू आणि डब्यासमोर यंत्रस्वामी.

"इमारतीतलं एकही चाक फिरता कामा नये," स्वामींनी फर्मावलं. "पंखा नाय, एसी नाय, मोटर नाय. फिरंल ती फक्त ही चकती. चकती म्हंजे साक्षात सुदर्शन. त्याला बाईचा विटाळ झाला की ते मंदावतं."

पंखे थांबले. बाहेर टँकरचं पाणी वर चढवणारी मोटर थांबली. स्वामी पुटपुटले, घंटी वाजली आणि सकाळपासून अडकलेले रिपोर्ट प्रिंटरमधून सटासट पडू लागले. प्रिंटरच्या चाकाला बहुधा सूट असावी. चितेगावहून आलेल्या केसरबाईंनी स्वामींना हात जोडले. "लई मोठा माणूस," त्या म्हणाल्या.

मला शिसारी आली. स्वामीची कमी, लॅबचे मालक डॉक्टर मुकुंदांची जास्त. पंचवीस वर्षं हा माणूस लोकांचं रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतोय. पाळीचं रक्त म्हणजे काय हे त्यानं गावाला शिकवायचं, तर तो मान खाली घालून तीर्थ घेत होता.

आता माझं पाप सांगतो. मी पॉलिटेक्निकात शिकवतो. तो सर्व्हर मीच बसवलेला, त्यावर लिनक्स ही प्रणाली मीच चढवलेली. २०१९च्या मार्चपासून तो अधूनमधून रेंगाळू लागला. मी आलो, "डिस्क म्हातारी झाली" म्हणालो, नवी बसवली. डबा पळाला, मी चहा पिऊन शाबासकी घेऊन गेलो. चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मोजमाप न करता मी अंदाज ठोकला होता. "नव्या डिस्कलाही होतंय, म्हणजे हे बाहेरचं आहे," असं डॉक्टरांनी ठरवलं ते माझ्या त्या अंदाजावरून.

मग स्वामींनी विचारलं, यंत्राला हात कोण लावतं. तीन मुली. डॉक्टरांच्या पत्नी शैलाताई काउंटर सांभाळत. त्यांनी तिघींच्या पाळीच्या तारखा कागदावर मागितल्या. दोघींनी मान खाली घालून लिहून दिल्या. सरितानं नाही दिली. देवगाव रंगारीची ही मुलगी, डब्याची रोजची देखभाल हिच्याकडं, घर बौद्ध. त्यांच्याकडं लिंबू फक्त ताटात असतं.

"जी सांगत नाय, तिचाच दोष," स्वामी म्हणाले. झालं. सरिताची खुर्ची फाटकापाशी, उन्हात. तरी डबा मंदावलाच, तेव्हा स्वामींनी तिची सावली आत येत असल्याचा शोध लावला. शनिवारी तिला कामावरून काढायचं ठरलं. विटाळाचा शिक्का घेऊन ती दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये उभी राहणार होती?

"डबा दर चौथ्या दिवशी मंदावतो," मी डॉक्टरांना म्हणालो. "दर चौथ्या दिवशी पाळी येणारी बाई तुम्ही पाहिली आहे का?"

"तिघी आहेत ना," ते म्हणाले. एम.डी. झालेला माणूस!

मी संतापून बाहेर पडलो. फाटकाशी सरिता वही घेऊन बसली होती.

"सर, मला इथं बसवलं ते एका अर्थी बरंच झालं," ती म्हणाली. "मोटर इथंच हाय. टँकर कधी येतो, मोटर कधी चालू, कधी बंद, सगळं लिहिलंय. तुम्ही फक्त सर्व्हरचे आकडे काढा."

लिनक्समध्ये एक साधी सोय आहे. डिस्ककडं काही मागितलं की ती किती वेळ ताटकळत ठेवते, ते मिलिसेकंदांत कळतं. सरितानं बाहेर जाण्याआधी ती नोंद मिनिटामिनिटाला चालू करून ठेवली होती. मी ती काढली आणि वहीशेजारी धरली. मोटर बंद, आकडा दहाच्या आसपास. मोटर चालू, नऊशे. टँकर यायचा दर चौथ्या दिवशी, डबाही मंदावायचा त्याच दिवशी. तीन आठवडे, एकही चूक नाही. मला माझीच लाज वाटली.

शनिवारी तोच जमाव, तोच स्वामी. मी आकडे मोठ्या पडद्यावर लावले. सरितानं टँकरवाल्या बन्सीला सांगितलं, "दादा, मोटर चालू करा."

दहाचे नऊशे झाले.

"बंद करा." दहा.

पाच वेळा केलं. मग मोटर चालू असताना ती डॉक्टरांना म्हणाली, "डबा ठेवलाय त्या मांडणीला हात लावून बघा सर." डॉक्टरांनी हात लावला आणि दचकून काढला. सगळी मांडणी थरथरत होती.

डिस्कमधलं वाचणारं टोक केसाहून बारीक रेघ धरून चालतं. हादरा बसला की रेघ चुकते, चकती पुन्हा फिरून येईपर्यंत थांबावं लागतं. पाण्याची टाकी आणि मोटर वास्तुशास्त्राप्रमाणं ईशान्येला. मार्चमध्ये डबाही तिथंच गेला, मोटरीच्याच भिंतीला लोखंडी मांडणी ठोकून. सल्ला यंत्रस्वामींचा. रोग त्यांनीच दिला, आणि मोटर बंद करायला लावून उताराही त्यांनीच दिला.

"मोटरीला बाधा हाय," स्वामी पुटपुटले.

"बेअरिंग गेलंय तिचं," बन्सी म्हणाला. "मार्चपासून बोंबलतोय मी."

सरितानं डबा बंद केला, उचलून समोरच्या कोपऱ्यात, जमिनीवर घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला आणि पुन्हा चालू केला. मोटर चालूच होती. आकडा दहावरच राहिला. लोक हसू लागले तोवर स्वामी निसटले होते.

डॉक्टर हळूच म्हणाले, "सरिता, सोमवारपासून आत बसा. झालं गेलं विसरून जाऊ."

"मला बाहेर बसवलं ते सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "आता बोलायचं तेही सगळ्यांसमोर बोला सर."

डॉक्टर घसा खाकरून पुटपुटले, "चूक माझी होती. सरिताचा काही दोष नव्हता."

"मोठ्यानं बोला डॉक्टर," मागून केसरबाई म्हणाल्या. "हितं काय बी ऐकू येईना."

डॉक्टर मोठ्यानं बोलले.

वाचकहो, यंत्र बिघडलं तर मोजा. एकेक गोष्ट बंद करून, चालू करून बघा. मी आधी मोजलं असतं, तर एक मुलगी तीन आठवडे उन्हात बसली नसती. आणि कारण सापडत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही. पण कारण सापडत नाही म्हणून बाईच्या पाळीची तारीख मागणार असाल, तर बिघाड यंत्रात नाही, तुमच्या डोक्यात आहे.