वामनराव सरांनी घातलेलं खत

भैरवीनं दोन वर्षं जंतूंना फसवण्यात घालवली होती. ते आपलं बी-टू जीवनसत्त्व स्वतःच बनवतात. तिनं त्यांना त्याची हुबेहूब नक्कल खाऊ घातली. साठा भरपूर आहे असं समजून त्यांनी ते बनवणारं जनुकच बंद केलं आणि उपाशी पडले. वाढ थांबली, बाराही परीक्षानळ्या नितळ राहिल्या. आज त्या बघून समिती तिची फेलोशिप वाढवायची की नाही ते ठरवणार होती.

सकाळी ती मनीषनगरच्या घरून प्रयोगशाळेत आली, तर बाराही नळ्या ताकासारख्या गढूळ.

"मीच काल यीस्टचा अर्क टाकला," विभागप्रमुख वामनराव सर म्हणाले. घर शेतीचं, हयात वनस्पतिशास्त्रात गेलेली. "काहीच उगवलं नव्हतं वं. समितीले रिकामं वावर दाखवतं का?"

"सर, त्यात जीवनसत्त्व असतं. मेहनतीनं उपाशी ठेवले होते मी ते."

"मग मी जेवू घातलं. काहून चिडून राहिली?"

तेवढ्यात समिती आत आली. समितीसमोरच भैरवीनं नोंदवही सरांपुढे आपटली. "काय टाकलं ते लिहा. सही करा."

सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. समितीच्या बाईंनी ते वाचून चष्मा काढला. "म्हणजे जीवनसत्त्व मिळताच वाढले. नकलीनंच उपासमार झाली होती, याला मोठाच आधार मिळाला. फेलोशिप वाढवू. हे सुचलं कुणाला?"

"मले," सर म्हणाले.

समिती गेल्यावर त्यांनी दार लोटलं. "पेपरवर पहिलं नाव माझं राहीन. आता मले नीट समजावून सांग, मी नेमकं केलं काय."