तीन वाजताची टिणटिण

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना टेलिफोनबाईच म्हणत. बोटाने डायल फिरवायचा जुना फोन कुणाच्या घरी रुसला की लोकांना त्यांचीच आठवण व्हायची. नवीन पोरं असल्या फोनला हात लावत नसत, आणि लावलाच तर तो नंतर कायमचा गप्प व्हायचा.

त्या दिवशी दुपारी त्या एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. समोर काळा, चांगला पाच किलोचा फोन, आणि फोनच्या पलीकडे घरची सूनबाई.

"उचलला तर ऐकू येतं, नंबर फिरवला तर लागतो," सूनबाई सांगत होती. "फक्त वाजत नाही. खालचा वाजतो, हा मुका. मग आमचे सासरे, नाना, खालून हाका मारतात आणि मी धावत जिना उतरते."

"ऐकतो, बोलतो, पण आपणहून आवाज करत नाही," बाई म्हणाल्या. "गुणी आहे की! घरात असा एकजण तरी असावा."

हा फोन महिन्यापूर्वीच माळ्यावरून काढून खालच्या फोनच्या जोडीला लावला होता. पहिले दोन दिवस खणखणीत वाजला. मधूनच, कुणी हात न लावता, टिणटिणही करायचा. सूनबाईने नानांना विचारलं, तर ते म्हणाले, उंदीर असेल. तिसऱ्या दिवसापासून उंदीरही गेला आणि घंटीही गेली.

"आणखी एक गोष्ट आहे," सूनबाईने आवाज खाली आणला. "मी कुणाला फोन करते ते नानांना कळतं. मैत्रिणीला केला की संध्याकाळी विचारतात, काय म्हणते मैत्रीण? आईला केला की म्हणतात, आज माहेरची फार आठवण आली वाटतं. दार लावून घेते, तरी कळतं! ऐकतात म्हणावं, तर उचलल्याचा आवाज येत नाही."

बाई गालातल्या गालात हसल्या. त्यांनी तळाचे स्क्रू काढून खोळ उचलली. आत पितळेच्या दोन वाट्या, त्यांच्यामध्ये इवलासा हातोडा, मागे तांब्याच्या तारेची कॉइल. त्यांनी मीटरच्या सुया कॉइलच्या दोन टोकांना लावल्या. काटा हलला. कॉइल ठणठणीत. कंडेन्सर ठीक. हातोडा बोटाने ढकलला, तो दोन्ही वाट्यांना नीट टेकला. मग त्या चष्मा कपाळावर चढवून वाकल्या. कॉइलची लाल वायर तिच्या स्क्रूवर नव्हतीच. टोक नीट दुमडून, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून तिला कोपऱ्यात झोपवलं होतं.

"सापडलं?" सूनबाईने विचारलं.

"बिघाड सापडला. आता बिघडवणारा बघून येते," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

खाली नाना खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म काढला होता. त्यांच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती, आणि ती जोडली होती काळ्या चिकटपट्टीने. तसंच नेटकं काम, तशीच दुमड.

"नाना," बाई समोरच्या स्टुलावर बसत म्हणाल्या, "वायर काही थंडी वाजते म्हणून स्वतःला पट्टी गुंडाळून घेत नाही."

नानांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

"तुम्हाला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या, "एका लाइनवर दोन फोन असले की एकाची डायल फिरताना दुसऱ्याची घंटी हलते. सहा फिरवला की सहा टिणटिण, दोनला दोन. सूनबाई वर नंबर फिरवते आणि तुम्ही इथे बसून मोजता. बरोबर?"

"वेळ जातो," नाना कागदाआडून म्हणाले.

"आणि तुमचं टिणटिण वर जाऊ नये म्हणून तिकडची घंटीच तोडलीत."

वर्तमानपत्र खाली आलं. "बाई, ती वायर आहे तशी राहू द्या. पाया पडतो."

"कुणाला करता फोन, मी विचारत नाही. पण चाळीस वर्षं घंट्या वाजत्या केल्या मी. एखादी मुकी ठेवून माझ्याने इथून उठवणार नाही."

त्या वर गेल्या, पट्टी सोडवली, तांबं खरवडून लखलखीत केलं आणि वायर स्क्रूखाली आवळली. एक्स्चेंजमध्ये अजून नोकरीत असलेल्या मैत्रिणीला फोन लावून "जरा वाजवून दे गं" म्हटलं. क्षणात घर दणाणलं. वरही आणि खालीही. सूनबाईने टाळी वाजवली. मग बाईंनी तिला टिणटिणीचं गुपित सांगितलं, फक्त पट्टीचं सोडून.

"म्हणजे नाना बोटं मोजत बसतात?" सूनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि मी शेजारणीवर संशय घेत होते!"

खाली नाना घड्याळाकडे बघत होते. तीनला दोन मिनिटं कमी. फोन करावा, तर वर कळणार. न करावा, तर पलीकडचं माणूस वाट बघून स्वतःच करणार, दोन्हीकडे वाजणार आणि सूनबाई उचलणार. इकडे आड, तिकडे विहीर! शेवटी, जरा हळू फिरवलं तर घंटी कमी हलेल, अशा आशेने त्यांनी डायलमध्ये बोट घातलं. विज्ञानाचा माणूस, पण घाबरला की विज्ञानही सुटतं.

वर फोन टिणटिणला. सूनबाई बोटं उघडू लागली. "सहा... एक... नऊ..." दोनदा दोन झाले आणि तिचे डोळे मोठे झाले. "अहो, हा तर माझ्या आईचा नंबर!"

तिचा हात रिसीव्हरकडे गेला. बाईंनी तो वरच्यावर धरला. "चोरून ऐकायचं नाही. विचारायचं तर तोंडावर."

दोघी पाय न वाजवता जिना उतरल्या. नाना दाराकडे पाठ करून बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, कानाला फोन, हातात पेन्सिल.

"विहीणबाई, आज उशीर झाला, माफ करा. आडवा चार मिळाला. 'नाकापेक्षा जड', दोन अक्षरी. मोती! ...हो हो, तुम्हीही काढला असणार, नाही कोण म्हणतं? पण उभा नऊ अडलाय. 'चोराच्या मनात', तीन अक्षरी."

"चांदणे," सूनबाई दारातून म्हणाली.

नानांची पेन्सिल पडली. फोनमधून मात्र उत्साहात आवाज आला, "बसतंय की! कोण बोललं हो?"

लग्नात मांडवात खुर्च्या कुणी कुठे ठेवायच्या, यावरून या दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून विहीणबाई चारचौघांत नानांशी जेवढ्यास तेवढं बोलत. आणि दोघंही आपण रोजचं शब्दकोडं एकट्याने, एका बैठकीत सोडवतो, असं जगभर सांगत फिरत.

सूनबाईने फोन घेतला. "आई, रोज तीनला तुझा फोन एंगेज असतो तो यासाठी?"

"अगं, व्याही अडतात बिचारे. मदत करावी लागते."

"खोटं!" नाना खुर्चीतून ओरडले. "कालचे सात शब्द माझे!"

"पाच!" फोन म्हणाला.

सूनबाईला हसू आवरेना. तिची सासू होती तोवर कोडं ती आणि नाना मिळून सोडवायचे, हे तिला ठाऊक होतं. सासू गेल्यावर नाना कोड्याचं पान न उघडता घडी घालून ठेवत, तेही तिने बघितलं होतं. ते पान परत कधी उघडलं, हे मात्र तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि आई दुपारी एकटीच असते, ही काळजी तिने उगीचच वाहिली होती. तिने फोन नानांच्या हातात परत दिला.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "घंटीच्या दोन वायरींची अदलाबदल केली की ही टिणटिण थांबते. थांबवू?"

"खालची थांबवा, वरची राहू द्या," सूनबाई म्हणाली.

"उलट! वरची थांबवा!" नाना म्हणाले.

"मग दोन्ही," बाईंनी निकाल दिला आणि दोन्ही फोन उलटे करून कामाला लागल्या. विहीणबाईंना "थांबा हं" सांगून लाइन तोडावी लागली, तर त्यांनी पाचच मिनिटांत उलटा फोन केला. वर वाजला, खाली वाजला, आणि सूनबाईने वरचा उचलायला जाण्याऐवजी नानांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं.

बाईंनी पिशवी भरली, पण उठायला अर्धा तास गेला. आडवा सतरा कुणालाच येत नव्हता, आणि तिघांनी सुचवलेल्या तीन शब्दांपैकी एकही बाईंना पटत नव्हता.