सुताराची पाच मेंढरं

मी बोलतोय, सुताराच्या दारातला कुत्रा. ऐका तर मग. एक होता सुतार, एक त्याची बायको, एक शाळेत जाणारी लेक आणि एक म्हातारी आई. चौघांचं बरं चाललं होतं, पण सुताराच्या कारखान्यातून हत्यारं नाहीशी होऊ लागली. आधी लहान पटाशी, मग गिरमिट, मग करवत. चोर कोण ते सुताराला ठाऊक होतं, निदान तसं त्याला वाटत होतं. पलीकडच्या गल्लीत एकटा राहणारा थोरला भाऊ. वाटणीत कारखाना धाकट्याकडे आला, आणि सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

म्हणून कुत्रा आणायचं ठरलं. सुतार म्हणाला, "दात दाखवणारा हवा. पोटरीचा लचका तोडणारा."

बायको म्हणाली, "लेकीची पोटरीही याच घरात आहे. मऊ, गोड, सोफ्यावर बसणारा आणा."

म्हातारी म्हणाली, "कुत्रा कशाला, मी आहे ना घरात." तिचं कोण ऐकतो.

कुत्री विकणाऱ्याने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला पुढे केलं. "हा दोन्ही आहे. पंधरा दिवस ठेवून बघा, नाही जमलं तर परत."

खरं म्हणजे मी दोन्ही नव्हतो. माझ्या आईने, आजीने जन्मभर मेंढरं वळली. आमच्या घराण्यात कुणी लचके तोडत नाही आणि मांडीवरही बसत नाही. कळप एका जागी आणायचा, मोजायचा, मग जेवायचं. पण मला विचारतो कोण. सुताराने नाव ठेवलं दरारा, लेक म्हणायची पिल्लू. मी दोन्हींना शेपटी हलवायचो.

माझी राखण अशी की येणाऱ्याला मी अडवत नसे. कळप वाढला तर वाईट काय? जाणाऱ्याला मात्र सोडत नसे. स्टुलाची चौकशी करायला आलेला शिंपी तासभर फळ्यांच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि शेवटी कंटाळून कपाट करायला सांगून गेला. सुताराने डोक्याला हात लावला. "चोराला या, बसा म्हणणारा कुत्रा मिळाला मला."

"सोफ्यावर तरी कुठे बसतोय," बायको म्हणाली. पंधराव्या दिवशी मला परत पाठवायचं, यावर त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

मला वेगळीच काळजी. म्हातारी रोज जेवणाच्या वेळी पाच ताटं मांडायची, मग एक उचलून ठेवायची. माणसं चार. मेंढरं वळणाऱ्याला असली मोजणी फार झोंबते.

पंधराव्या दिवशी दुपारी सुतार जेवायला घरात गेला, तशी म्हातारी कारखान्याच्या मागच्या दाराने निघाली. पदराखाली नवऱ्याचा जुना रंधा. मी मागोमाग. पलीकडच्या गल्लीत तिने तो थोरल्याच्या हातात दिला. "धाकट्याने पाठवलाय. स्वतः यायला लाजतो रे."

थोरल्याच्या शर्टाला तोच भुसा, तोच वास. पाचवं मेंढरू सापडलं.

मग मी माझं काम केलं. पोटरीला नाक लावलं आणि ढकलत आणलं. "आई, याला आवर," थोरला म्हणत राहिला. म्हातारी मागून धापा टाकत, "अरे मेल्या, तिकडे नको नेऊस, तिकडे नको."

कारखान्याच्या दारात सुतार. समोर भाऊ, भावाच्या हातात रंधा. सुताराचा चेहरा लाल झाला. "दरारा, छू."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणी काम सांगितलं होतं. मी थोरल्याला कोपऱ्यात नेलं. मग सुतारालाही नेलं. दोघांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि समोर बसलो.

थोरला म्हणाला, "तू एकेक हत्यार पाठवत होतास, कितीदा वाटलं येऊन भेटावं. पाय उचलत नव्हता. आज याने आणलं."

सुताराने आईकडे पाहिलं. म्हातारी पायाने भुसा सारत होती.

"लहान पटाशी पोचली का?" सुताराने विचारलं.

"पोचली."

"तिला धार नव्हती."

"लावली मी."

आता दोघे भाऊ एकाच कारखान्यात काम करतात, आणि कामं इतकी येतात की शिंप्याचं कपाट अजून पुरं झालेलं नाही. विकणारा मला न्यायला आला होता. त्याला मी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात बसवलं. सुतार गिऱ्हाइकांना सांगतो, "फार कडक कुत्रा. हा आल्यापासून चोरी बंद." म्हातारी गंभीरपणे मान डोलावते.

बाबांनो, कुत्रा आणायला जाल तेव्हा दात कडक हवेत की स्वभाव मऊ, यावर खुशाल भांडा. पण घरातून नक्की काय हरवलंय, ते आधी बघून जा.

म्हातारी आजही पाच ताटं मांडते. उचलत एकही नाही. मी मोजतो, आणि मग जेवतो.