निळ्या झालरीचं कव्हर

नव्या घरात काय झाकावं आणि काय उघडं ठेवावं, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. सिडकोतल्या निवृत्ती बोरसेला तो पडला नाही. त्याने सगळंच झाकलं.

शहाऐंशी सालची गोष्ट. निवृत्ती अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत त्याने मोझॅकच्या फरश्या बसवल्या, भिंतींना पिस्ता रंग दिला, आणि त्या दिवसापासून त्या खोलीला हॉल म्हणायचं असं ठरलं. मग त्याची बायको चांगुणा शिलाई मशीनवर बसली. टीव्हीला कव्हर, रेडिओला कव्हर, टेबलफॅनला कव्हर. सोफ्याला कव्हर शिवलं आणि ते मळू नये म्हणून त्यावर दुसरं शिवलं. सगळ्यांना एकाच निळ्या कापडाची झालर. घरात उघडी अशी एकच वस्तू उरली, ती म्हणजे निवृत्तीची आई झुंबरबाई.

झुंबरबाई कळवणकडच्या. तेल लावलेलं डोकं भिंतीला टेकून त्या दिवसभर गोधडी शिवत. नव्या भिंतीवर डोक्याएवढा गोल डाग पडला.

"आई, रंग वाळेपर्यंत मागं बस," निवृत्ती म्हणाला.

मागं म्हणजे मोरी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला बोळ. वर पत्रा. डागावर चांगुणाने भरतकामाचे राघू-मैना टांगले.

रंग दोन दिवसांत वाळला. झुंबरबाई पावसाळाभर बोळातच राहिल्या. मोरीचं पाणी झिरपून गोधडी खालून ओली व्हायची. मग त्या ती उलटून घ्यायच्या, म्हणजे ती वरूनही ओली व्हायची. दसऱ्याच्या सुमारास खोकला छातीत उतरला.

शेजारच्या लंकाबाईंनी दवाखान्यात आयाचं काम केलेलं. त्यांनी निवृत्तीला दारातच गाठलं.

"म्हातारीला कोरड्यात घे रे. ही छाती थंडी काढायची नाही."

"घेतो की मावशी. दिवाळीत आमचे फोरमनसाहेब चहाला येणारेत. ते येऊन जाऊ देत."

"साहेबाला तुझी आई चालत नाही?"

"तसं नाही. पण ती खोकते."

"मग? भिंतीला लागण होईल?"

निवृत्ती हसला. खरं तर त्याला तशीच भीती वाटत होती, पण ते बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं.

झुंबरबाईंनी हे बोळातून ऐकलं. संध्याकाळी सुनेला म्हणाल्या, "चांगुणा, मला बी एक कव्हर शिव."

"तुम्हाला कशाला?"

"कव्हर घातलेलं समदं तुमी हॉलात ठेवता."

चांगुणाला ती थट्टा वाटली. ती हसली आणि चिवड्याचे पोहे उन्हात घालायला गेली. झुंबरबाईंनी उरलेले तुकडे मागून घेतले आणि हातशिलाईने स्वतःच कव्हर शिवायला घेतलं. झालरीसकट.

दिवाळीत साहेब आले. निवृत्ती त्यांना मोठ्या तोऱ्यात आत घेऊन आला, तर टीव्हीशेजारी स्टुलावर निळ्या झालरीचं आणखी एक काहीतरी ठेवलेलं. टीव्हीपेक्षा उंच. झालरीखाली भेगा पडलेली दोन पावलं. ती पावलं निवृत्तीने लगेच ओळखली.

"हे काय ठेवलंय?" साहेबांनी विचारलं.

"शिलाई मशीन, साहेब," निवृत्ती म्हणाला. "जुनं."

मशीन खोकलं.

साहेबांनी पावलांकडे पाहिलं, मग निवृत्तीकडे. चहा घेतला. फराळाला हात लावला नाही. उठताना म्हणाले, "मशीन कोरड्यात ठेवत जा, बोरसे. एकदा गंजलं की संपलं."

ते गेले तेवढ्यात लंकाबाई फराळाचं ताट घेऊन आल्या. ताट खाली ठेवून त्या कव्हरला हात घालणार, तोच आतून आवाज आला.

"काढू नका. हितं कोरडं हाय."

त्यांनी हात मागे घेतला. मग लंकाबाई हळूच म्हणाल्या, "निवृत्ती, कारखान्यात नुसत्या आवाजावरून तू बिघाड ओळखतोस म्हणे. हा आवाज किती दिवस तुझ्या मोरीमागून येतोय? भिंत काय, पुढच्या वर्षी परत रंगवशील. आई कोणाकडून रंगवून घेशील?"

निवृत्तीने कव्हर ओढून काढलं. आत झुंबरबाई हातात सुई-दोरा धरून बसल्या होत्या. झालर एका बाजूला अजून टाचायची राहिली होती. त्याने आईला उचललं. ती फॅनपेक्षाही हलकी लागली. सोफ्यावरची दोन्ही कव्हरं त्याने फेकून दिली आणि तिला तिथे बसवलं.

"सोफा मळंल," त्या म्हणाल्या.

"मळू दे, आई! मळू दे!"

औषधपाणी झालं. चांगुणा रात्रंदिवस उशाशी होती. पण ओल फार आत गेली होती. झुंबरबाई संक्रांतीच्या आधी गेल्या, हॉलमध्ये, त्याच भिंतीला डोकं टेकून. त्या दिवशी हॉल प्रथमच माणसांनी भरला. सगळी जमिनीवर बसली होती.

वाचकहो, घरं जरूर दुरुस्त करा, कव्हरंही शिवा. पण पाहुण्यासाठी राखलेल्या कोरड्या जागेवर आधी घरातल्या माणसाचा हक्क आहे. त्यासाठी त्याला वस्तू व्हावं लागलं, तर त्या घराला घर म्हणू नये.

पुढच्या वर्षी रंगारी आला. त्याने राघू-मैना उतरवले आणि डाग घासायला पॉलिशपेपर काढला.

"तेवढी भिंत सोड," निवृत्ती म्हणाला. "आणि ते राघू-मैना परत लावू नकोस. उघडंच राहू दे."