शनिवारची काडी

चंद्रावतीने रिकामी वाटी पदराआड धरली आणि पायऱ्या उतरता उतरता थबकली. अंगणात तिचा नवरा सगुण ट्रकची काच पुसत होता. पावसाळाभर थांबलेली खनिजाची वाहतूक आता सुरू व्हायची होती.

“खंय चललंस?”

“साखर मागूक. दिनाकडे.”

“कालच किलोभर हाडलंय मी. मुंगयांक घातलंस की काय?” सगुण हसला. मग फडका पिळत हळू आवाजात म्हणाला, “शनिवार आसा म्हणान चललंस, तां सांग मगो. पण आता थंय तुझी वाट कोण बघता?”

हेच तर तिला कळायला हवं होतं.

शेजारच्या मिलकाबाई किहीमकर त्याच पावसाळ्यात गेल्या. गोवा राज्य झाल्याचे पेढे त्यांनी सगळ्या आळीला वाटले होते, आणि श्रावण सरता सरता त्यांनी डोळे मिटले. पुढे महिनाभर घर मुंबईच्या नातेवाइकांनी भरलेलं होतं. ते निघाले त्या दिवशी मिलकाबाईंचा मुलगा, दिनाचा नवरा सॅमसन, आपल्या मामाला दारात सांगत होता, “आई होती तोवर शनिवार होता, मामा. मला तर कामावर जावं लागतं. आता कोण पाळणार?” कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या चंद्रावतीने ते ऐकलं, आणि त्यानंतर आलेल्या दोन्ही शनिवारी ती आपल्याच घरात भांडी घासत बसली.

इब्रामपूरहून लग्न होऊन ती डिचोलीला आली, तेव्हा याच कुंपणावरून मिलकाबाईंनी हाक मारली होती.

“पोरी, जरा आमचा स्टो पेटवून देशील?”

“हाताक काय झालां, बाय?”

“हात धड आहे गं. आज आमचा शब्बाथ. आम्ही यहुदी लोक आज विस्तव पेटवत नाही. काल रांधलेलं खाऊ, पण चहाशिवाय काही जमत नाही बघ.”

तिने काडी ओढली. चहा झाला, आणि मिलकाबाईंनी पहिला कप तिच्यापुढे ठेवला. सासरी तोवर तिला कुणी बसून चहा घे म्हणालं नव्हतं.

तेव्हापासूनचा तो शनिवार. मिलकाबाईंचा खाणीवर फिटर असलेला नवरा लवकर वारला, तरी त्या डिचोली सोडून गेल्या नाहीत. शिवणयंत्रावर त्यांनी सॅमसनला वाढवलं, शिकवलं. एरवी यंत्र रात्रंदिवस चाले. शुक्रवारी दिवेलागणीला थांबे, की मग आळीतली पोरं गोष्टी ऐकायला त्यांच्या पायरीवर जमत. शनिवारी चहानंतर त्या चंद्रावतीला वर्तमानपत्रातली अक्षरं ओळखायला लावत. ती चुकली की बोट शांतपणे मागे नेत. “पुन्हा बघू. अक्षर कुठं पळून जात नाही.” शब्बाथला लिहायचं मात्र नसे. म्हणून चंद्रावती आजही पेपर घडाघडा वाचते, आणि सही करताना तिचा हात अडखळतो.

शेवटी शेवटी तर नात हन्नाही आजीच्या मांडीवर बसून मध्येच चंद्रावतीची चूक काढायची, आणि आजी तिच्या डोक्यावर हलकी टपली मारायची. “शिकणाऱ्याला हसू नये, राणी.”

चंद्रावती किहीमकरांच्या मागच्या दाराशी आली. आत पावलं वाजली.

“आई, काकी आली! काकी आली!” हन्नाचा आवाज. पाठोपाठ भांडं आपटल्याचा आवाज, काहीतरी घाईत सरकवल्याचा, आणि दिनाचं दबक्या स्वरातलं, “गप्प बस गं!”

ती दारात उभी राहिली.

“साखर जरा...” तिने वाटी पुढे केली.

“या ना काकी,” दिना म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. सॅमसन भिंतीला टेकून बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

“गेल्या शनिवारी पण आम्ही वाट बघितली,” हन्ना म्हणाली. “त्याच्या आधीच्या पण. बाबा चहा न पिताच गेले.”

“हन्ना!”

स्वयंपाकघरात नुकत्याच विझवलेल्या वातींचा घासलेटी वास भरून राहिला होता. स्टोव्हवर झाकलेलं भांडं होतं. चंद्रावतीने झाकण उचललं. पाणी लालसर झालं होतं, कडेला बुडबुडे अजून फुटत होते.

तिने झाकण पुन्हा ठेवलं.

सॅमसन उठला. फळीवरची काडेपेटी घेऊन त्याने ती तिच्यासमोर ओट्यावर ठेवली आणि पुन्हा जाऊन दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागला.

“पाणी कधी ठेवलंस गो?” चंद्रावतीने विचारलं.

“आत्ताच,” दिना म्हणाली. “गारच असेल अजून.”

“गारच आसा,” चंद्रावती म्हणाली.

तिने काडी ओढली. वाती तापलेल्याच होत्या. एका काडीत सगळ्या लागल्या. दिनाने कप मांडले, आणि सगळे चहा उकळायची वाट बघत बसले.

“काकी,” थोड्या वेळाने सॅमसन म्हणाला, “पुढच्या शनिवारी जरा लवकर याल? माझी पहिली पाळी आहे.”