मऊ हातांचं स्थळ

सकाळी डब्यासोबत आईने लेकीच्या बॅगेत पांढरे सुती हातमोजे कोंबले.

"आई, किती वेळा सांगू? लेथवर हातमोजे चालत नाहीत. फिरत्या मशिनमध्ये कापड अडकलं की हातच आत ओढला जातो."

"आणि हे फोड? रविवारी पाहुणे येतायत. घातले नाहीस तर तुला माझी शपथ आहे."

शपथ घातली की शहाणपणाची गरज उरत नाही. मुलीने बॅगेची चेन ओढली.

तिचा गुन्हा एवढाच, की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला उत्तम मार्क मिळवून तिने कॉम्प्युटर सोडलं आणि मेकॅनिकल घेतलं. "मशिनचा आवाज ऐकला की काय बिघडलंय ते मला कळतं. कोड लिहिताना नुसती झोप येते," असं तिने घरात सांगितलं, तेव्हा वडिलांनी पेपर तोंडासमोर धरला. ऑफिसात साहेबापुढे आणि घरात थोरल्या बहिणीपुढे मूग गिळून बसण्यात या गृहस्थांची हयात गेली होती. बोलली ती बहीणच, म्हणजे मुलीची आत्या. "लोक कॉम्प्युटर मिळावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि ही मिळालेलं सोडून लोखंड घासणार!"

आत्याबाईंचा उद्योग स्थळं जुळवण्याचा. त्यांना माणसं कळत नसत, डिग्र्या कळत. डॉक्टर मुलगी नको, रात्रीची ड्युटी असते. वकील नको, उलट बोलते. कॉम्प्युटरवाली मात्र लाखात एक, कारण ती घरी बसून पगार आणते आणि मधल्या वेळात कुकरही लावते. रविवारच्या स्थळालाही त्यांनी हाच माल दाखवला होता. शाखा बदलल्यावर त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. "लग्न होऊ दे, मग सांगू. पण मुलाची आई हात बघते हो! मऊ हवेत." हातमोजे त्यांनीच आणून दिले आणि आईने ते घेतले. आई दुष्ट नव्हती. चार लोक काय म्हणतील या भीतीपोटी तिने अक्कल गहाण टाकली होती, इतकंच.

दुपारी कॉलेजातून फोन आला.

डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं होतं. वर्कशॉपच्या सरांनी धावत जाऊन मशीन बंद केलं म्हणून बाकीचा हात वाचला. दवाखान्यात सर भडकलेलेच होते. "पहिल्याच दिवशी बजावलं होतं मी! हातमोजे दिले कोणी हिला?"

आईची मान वर होईना.

"माझेच होते, सर," मुलगी म्हणाली. "चूक माझी."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं आईला झालं. तेवढ्यात आत्याबाई धापा टाकत आल्या. पोर कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "उजवा का डावा?"

"डावा," वडील म्हणाले.

"मग निभावलं! चहाचा ट्रे धरताना डावा हात खाली लपवता येतो. पट्टी दिसलीच तर बोट दारात चेमटलं म्हणू."

वडिलांनी मान डोलावली. याच कामासाठी ती त्यांना मिळाली असावी.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई सोफाभर पसरली, मुलगा मोबाईलमध्ये बुडाला. स्वयंपाकघरात आत्याबाईंनी भाचीच्या हातात ट्रे दिला आणि डावा हात स्वतः धरून खाली सरकवला. "हा असा. आणि हसायचं." मुलीचा चेहरा वेदनेने पिळवटला.

आईने ट्रे काढून ओट्यावर ठेवला. लेकीला घेऊन ती रिकाम्या हातांनी बाहेर आली.

"हिनं कॉम्प्युटर केव्हाच सोडलंय. मेकॅनिकल शिकते. तुम्हाला मऊ हात दाखवायचे म्हणून मी हिला बळंच हातमोजे घालायला लावले, ते मशिनमध्ये अडकले. हिचं बोट माझ्यामुळे गेलं."

मुलाच्या आईने पट्टीकडे पाहिलं. "म्हणजे फसवलंत की आम्हाला!"

"फसवलं. पण बोट तुमचं नाही गेलं."

पाहुणे चहा न घेता गेले. "आता हिला कोण करून घेणार?" म्हणून आत्याबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. वडील पेपर शोधत होते.

जखम भरली तशी मुलगी पुन्हा वर्कशॉपला जाऊ लागली, उघड्या हातांनी. उरलेल्या एका हातमोज्याने आई आता गरम पातेलं उतरवते. मुलीला शिकवतो म्हणून मिरवणाऱ्या किती घरांत अशी जोडी अजून बॅगेत जात असेल, ते त्या त्या घराने स्वतःला विचारावं.

मध्यंतरी आत्याबाईंचा फोन आला. "अगं, एक स्थळ आहे. वय जरा जास्त आहे, पण बोटाचं चालवून घेतील ते."

"पाठवा त्याला," आई म्हणाली. "पण चहा तो करील आणि ट्रे घेऊन बाहेरही तोच येईल. डावा हात कुठं धरायचा, ते तेवढं तुम्ही शिकवून ठेवा."

पलीकडून फोन ठेवला गेला.